हक्कसोड आणि त्याग

सज्जनहो, एकादशीच्या कीर्तनात बुवांनी त्यागाचे निरूपण करावे, श्रोत्यांनी माना डोलवाव्या, आणि दुसऱ्याच दिवशी त्या श्रोत्यांपैकी कोणी बहिणीला घेऊन दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बाकावर बसलेला दिसावा, हे चित्र आपल्या ओळखीचे आहे. कागदाचा मथळा असतो 'हक्कसोडपत्र'. सही होते, अंगठा उठतो, फोटो निघतो. घरी परत आल्यावर बहिणीला साडीचोळी होते आणि गावात सांगितले जाते, "ताईनं मोठ्या मनानं सोडलं हो!"

सोडले हे तर खरेच, पण ते मोठ्या मनाने सोडले का, आणि सोडले म्हणजे त्याग झाला का, हा आजचा प्रश्न आहे. आपल्या संप्रदायात 'नको' या शब्दाला फार मान आहे. संतांनी नको म्हटले म्हणून ते संत, असे आपण सहज बोलून जातो. परंतु नको म्हणणारा प्रत्येक जण विरक्त नसतो. कोणी भीतीने, कोणी रागाने, कोणी कर्ज चुकवायला, तर कोणी म्हातारीची सेवा टाळायलाही नको म्हणतो. तेव्हा वाट्याला आलेली मिळकत नाकारणे हा धर्म केव्हा, अधर्म केव्हा आणि नुसता व्यवहार केव्हा, याचा विचार माळकऱ्याने तरी केला पाहिजे.

आधी व्यवहार समजून घेऊ. व्यवहार न कळता केलेला परमार्थ पुष्कळदा दुसऱ्याच्या डोक्यावर ओझे होऊन बसतो.

मिळकत आपल्याकडे तीन वाटांनी येते: बक्षीसपत्राने, मृत्युपत्राने, किंवा नुसत्या वारशाने. या तिन्ही ठिकाणी नको म्हणण्याची रीत निराळी आहे. बक्षिसाचे सोपे आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे बक्षीस पुरे व्हायला घेणाऱ्याची संमती लागते, आणि ती देणारा जिवंत असताना, तो देण्यास समर्थ असतानाच मिळावी लागते. स्थावराचे बक्षीसपत्र नोंदलेले असावे, त्यावर दोन साक्षीदार असावेत, हे तर आहेच. पण कागद कितीही पक्का असला, तरी घेणाऱ्याने 'नको' म्हटले की बक्षीस झालेच नाही. कोणाच्या गळ्यात जबरदस्तीने दान बांधता येत नाही. त्याच कायद्यात आणखी एक मार्मिक गोष्ट आहे. एकाच दानात एक वस्तू लाभाची आणि दुसरी भाराची असेल, तर गोड तेवढे घ्यायचे आणि कडू टाकायचे असे चालत नाही. घ्यायचे तर दोन्ही, नाही तर काहीच नाही. मात्र दोन दाने स्वतंत्र असतील, तर एक घेऊन दुसरे नाकारता येते. मृत्युपत्राने आलेल्या देणगीलाही १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने असाच नियम लावला आहे.

वारशाचे मात्र तसे नाही. बाप मृत्युपत्र न करता वारला की त्याच क्षणी त्याची स्वतःची मिळकत वारसांची झाली. त्यासाठी कोणी 'घेतो' म्हणावे लागत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने अशा मिळकतीत मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांना सारखा वाटा दिला. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी त्या वेळी जन्माने हिस्सेदार नव्हती. महाराष्ट्राने १९९४ साली या बाबतीत एक पाऊल टाकले. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्या देशात मुलगी मुलासारखी जन्मतः हिस्सेदार झाली. त्या तारखेला बाप हयात असायला हवा होता की नाही, हा वाद बरीच वर्षे चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मुलीचा हक्क जन्माचा आहे, बापाच्या हयातीशी त्याला बांधू नये.

म्हणजे आज घरोघर बहीण ही वाटेकरी आहे, मग तिने मागो वा न मागो. आणि जे आपोआप आले, ते सोडायचे तर कागद करावा लागतो. स्थावरातील हक्क सोडल्याचा लेख १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो. हक्कसोड होते ती सहहिस्सेदाराच्या लाभात. तिऱ्हाइताला द्यायचे असेल, तर ते बक्षीसपत्र किंवा खरेदीखत. पुष्कळ लोक तलाठ्यासमोर जबाब देऊन, फेरफार करून, सातबाऱ्यावरचे नाव कमी करून मोकळे होतात आणि समजतात की झाले. सातबारा हा सारावसुलीचा दप्तर आहे. त्यावरून नाव गेले म्हणून मालकी गेली असे होत नाही, आणि नाव चढले म्हणून मालकी आली असेही नाही. अशा अर्धवट कामातून नातवंडांच्या पिढीत कज्जे उभे राहतात.

दुसरी एक चूक अशीच. बाप जिवंत असताना मुलीकडून लिहून घेतात, 'तुमच्या पश्चात तुमच्या मिळकतीत मला काही नको.' बापाने स्वतः कमावलेली मिळकत बाप जिवंत आहे तोवर बापाची. मुलीचा तेथे अजून हक्कच नाही, नुसती आशा आहे. आणि कायदा म्हणतो की नुसत्या आशेचे हस्तांतर होत नाही. त्या सोडण्याबद्दल तिने मोबदला घेतला असेल, तर पुढे तिला बोलता येईल का, हा निराळा प्रश्न. न्यायालये तेव्हा परिस्थिती पाहतात. पण हातात नाही ते सोडले असे म्हणणे कायद्यालाही मान्य नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

तिसरी गोष्ट कर्जाची. बापाचे कर्ज आपल्या डोक्यावर येईल या भयाने कोणी वारसा नाकारू पाहतात. मुंबई इलाख्यात १८६६ सालीच कायदा झाला, की बापाच्या मिळकतीतून जेवढे हाती आले, तेवढ्यापुरतीच वारसाची जबाबदारी. दिवाणी कायद्याचे आजचे धोरणही तेच आहे. जर्मनीत आणि जपानात तसे नाही. तेथे मिळकतीबरोबर कर्जही अंगावर येते, म्हणून नाकारण्याला मुदत घालून दिली आहे: जर्मनीत साधारण सहा आठवडे, जपानात तीन महिने. आपल्या गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासूनचा वारसा कायदा निराळा. तेथेही जिवंत माणसाचा वारसा नाकारता येत नाही, आणि मृत्यूनंतर नाकारायचा तर अर्धा घेतो अर्धा सोडतो असे म्हणता येत नाही.

कायदा एवढे सांगतो. सही खरी का, जबरदस्ती झाली का, फसवणूक झाली का, इथपर्यंत तो विचारतो. जबरदस्ती सिद्ध झाली तर कागद रद्दही करतो, पण त्यासाठी मुदतीत, साधारणतः कळल्यापासून तीन वर्षांत, दाद मागावी लागते. भावावर फिर्याद करणारी बहीण हजारात किती? तेव्हा कायद्याचे दार उघडे असूनही बहुतेकींना ते बंदच. म्हणून उरलेले काम धर्मबुद्धीनेच केले पाहिजे.

धर्मबुद्धीचा पहिला नियम असा, की आपले असेल तेवढेच सोडावे.

तुकोबारायांची गोष्ट आपण सारेच सांगतो. महिपतींनी ती चरित्रात गायिली आहे. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, घर बसले, माणसे गेली. पुढे वैराग्य आल्यावर महाराजांनी वडिलांच्या वेळची कर्जखते इंद्रायणीत सोडली. लोकांचे देणे बुडाले असे म्हणण्यापेक्षा लोक देण्यातून तरले असे म्हणावे. कीर्तनात ही कथा इथे संपते. पण तिच्यातला एक बारीक धागा सांगायचा राहून जातो. खते पाण्यात सोडण्याआधी महाराजांनी त्यांचे दोन भाग केले. अर्धी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली, आणि आपल्या वाट्याची तेवढी पाण्यात सोडली.

भाविकहो, येथे थांबून पाहा. वैराग्याच्या भरात सगळीच खते नदीत गेली असती, तर कोणी काय बोलले असते? पण महाराजांनी भावाचा संसार आपल्या वैराग्यात बुडवला नाही. आधी हिशेब केला आणि मग त्याग केला. हिशेब हा त्यागाचा शत्रू आहे असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट पुन्हा वाचावी. भावाचे भावाला देऊन मग आपले सोडावे, हा त्या कथेचा अर्थ आहे. म्हणून कोणी बाप 'मी विरक्त झालो' म्हणून पोराबाळांचा वाटा परस्पर सोडील, तर त्याला त्याग म्हणू नये. देवव्रताने सिंहासनावरचा हक्क सोडला, तेव्हा सत्यवतीच्या बापाने विचारलेच, "तू सोडशील, पण तुझ्या मुलांचे काय?" पुढच्या पिढीच्या तोंडचे आज आपण सोडू शकतो का, हा तो प्रश्न आहे. आजचा कायदाही अज्ञान मुलाच्या मालकीची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीवाचून आईबापालासुद्धा देऊन टाकू देत नाही.

येथे कोणी शंका घेईल: "मग जिजाईचे काय? महाराजांनी आपला वाटा सोडला, पण चूल तर तिची विझली." ही शंका झटकून टाकू नये. पुष्कळ कीर्तनकार जिजाईला कजाग ठरवून श्रोत्यांना हसवतात आणि पुढे जातात. ते बरे नव्हे. त्यागी पुरुषाच्या घरी बाई उपाशी राहते आणि त्यागाचे पुण्य मात्र त्याच्या एकट्याच्या नावावर जमा होते. जिजाई डोंगरावर भाकरी घेऊन जात होती, हेही त्याच चरित्रात आहे. तिच्या भाकरीवाचून त्या वैराग्याचे पारणे कसे फिटले असते? म्हणून आपल्यासारख्या संसाऱ्याने यातून महाराजांची बरोबरी करण्याचे न शिकता एवढेच शिकावे, की आपल्या 'नको'ची किंमत घरात कोण मोजणार, हे आधी पाहावे. आणि जी मोजणार, तिला आधी विचारावे.

दुसरा नियम: आधी दिले पाहिजे, मगच नको म्हणता येते.

बृहदारण्यकात याज्ञवल्क्य आणि मैत्रेयी यांचा संवाद आहे. ऋषी घर सोडून निघाले. दोन बायका, मैत्रेयी आणि कात्यायनी. निघताना ऋषींनी मैत्रेयीला बोलावून सांगितले की तुझी आणि कात्यायनीची वाटणी करून देतो. मैत्रेयीने विचारले की या धनाने मी अमर होईन का? नाही, असे उत्तर आले. मग तिने धन नाकारले आणि ज्ञान मागितले. ही नाकारण्याची फार मोठी गोष्ट आहे. पण तिच्यातही क्रम पाहा. आधी वाटणी पुढे ठेवली गेली. मैत्रेयीचा वाटा तिला सांगितला गेला. तिने मोकळ्या मनाने प्रश्न विचारला, तिला खरे उत्तर मिळाले, आणि मग तिने नको म्हटले. शिवाय कात्यायनीला कोणी 'तूही सोड' म्हटले नाही. तिचा वाटा तिला राहिला, आणि त्याबद्दल तिची निंदा उपनिषदाने केली नाही.

आता आपल्या घरचे पाहू. समजा, एका गावी दोन भाऊ आणि एक बहीण आहे. बाप वारला. तेराव्याला बहीण आली आहे, डोळे अजून ओले आहेत. थोरला भाऊ म्हणतो, "ताई, जाता जाता तेवढी सही करून जा. वारसनोंदीला लागते." ताई विचारते, "कसली रे दादा?" दादा म्हणतो, "अगं, कागदपत्राचं आहे. तुला काय त्यातलं!" वाटा किती, जमीन किती, सोडते आहे ते काय, कोणी सांगितले नाही. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणते, "माहेर राहायला हवं ना वन्सं?" ताई सही करते.

या कागदाला कायद्याने काय म्हणायचे ते न्यायालय ठरवील. धर्माने याला त्याग म्हणता येत नाही, कारण दिलेच नव्हते तर सोडले काय? आणि याला दानही म्हणता येत नाही, कारण देणारीला आपण काय देतो हेच ठाऊक नव्हते. त्याहून वाईट गोष्ट अशी, की माहेर ही जी अमोल वस्तू, तिची येथे किंमत ठरवली गेली. दोन एकर सोडलेस तर दिवाळीला ये, भाऊबीजेला ओवाळ. नाही सोडलेस तर दार बंद. ज्या बहिणीने भावासाठी ओवाळणीचे ताट धरायचे, तिच्याकडून त्या ताटात जमीन घालून घ्यायची, हा कोणता धर्म?

भावाची बाजूही ऐकली पाहिजे, नाही तर आपला निवाडा एकतर्फी होईल. भाऊ म्हणतो, "आईबापाला आम्ही सांभाळलं. दवाखाना आम्ही केला. ताईच्या लग्नाचं कर्ज बापानं काढलं, ते आम्ही फेडलं. आता ती बरोबरीनं वाटा घेणार?" यात तथ्य असते. सेवा आणि खर्च ही खरी गोष्ट आहे, आणि बहिणीने ती मनात धरली पाहिजे. पण मग ते उघड बोलावे. दवाखान्याचा खर्च एवढा, फेडलेले कर्ज एवढे, ताईचा वाटा एवढा, असे कागदावर मांडून तिच्यापुढे ठेवावे. ती समंजस असेल तर त्यातले काही सोडील, काही घेईल. जे सोडील ते समजून सोडील. लग्नातल्या हुंड्याचा हिशेब मात्र कोणी काढू नये. हुंडा १९६१ पासून कायद्याने बंद आहे, आणि तो दिला असला तरी मुलीच्या हाती लागला नाही, सासरच्यांच्या हाती गेला. दुसऱ्याने घेतलेल्या पैशाची वजावट तिच्या वाट्यातून कशी करायची?

उलट बाजूचेही सांगितले पाहिजे. काही शहाणे लोक म्हणतात की बहिणीने कधीच सोडू नये, सोडणारी ती अडाणी. हेही खरे नाही. एखादी बहीण सुखवस्तू आहे, भाऊ कोरडवाहू चार एकरांवर कसाबसा जगतो आहे. तिने सारे समजून उमजून, नवऱ्याच्या आणि भावाच्या दबावाविना, 'दादा, हे तुला राहू दे' असे म्हटले, तर ते मोठेपण तिच्याकडून हिरावून घेण्याचा अधिकार कोणाला आहे? ज्याला घेण्याचे स्वातंत्र्य आहे, त्यालाच सोडण्याचे पुण्य आहे. म्हणून बहिणीला वाटा देणे हे तिच्या त्यागाच्या आड येत नाही. वाटा दिला, तरच तिला त्याग करता येतो.

तिसरा नियम: मालकी सोडावी, कर्तव्य सोडू नये.

गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि माउलींनी त्यांचा विस्तार केला आहे. मोहाने कर्तव्यच टाकणे हा तामस त्याग. कष्ट होतील, देह झिजेल, या भयाने टाकणे हा राजस. कर्तव्य करीत राहून आसक्ती आणि फळ सोडणे हा सात्त्विक. ही फूटपट्टी हक्कसोडीला लावून पाहा, तेव्हा सारे स्वच्छ दिसते.

मुंबई-पुण्याला नोकरीस असलेला मुलगा गावी येतो आणि म्हणतो, "मला जमिनीतलं काही नको. धाकट्याला सगळं लिहून देतो." लोक वाहवा करतात. पण त्या कागदाबरोबर त्याने न लिहिता आणखी एक कागद केलेला असतो: आई धाकट्याकडे, आजारपण धाकट्याकडे, बहिणीची बाळंतपणे धाकट्याकडे, गावातले येणेजाणे धाकट्याकडे. जमीन चार एकर सोडली आणि आई पूर्ण सोडली. हा राजस त्यागसुद्धा नव्हे, हा सौदा आहे. आई लिहून देता येत नाही. तिच्या पोटगीची जबाबदारी मुलांवर आहे, हे तर कायदाही सांगतो. मग हक्कसोड केली असो वा नसो.

याच्या उलट भरताचे उदाहरण. आईने त्याच्यासाठी राज्य मिळवले होते, दशरथाचा शब्द होता, गादी रिकामी होती. त्याने नाकारली. पण नाकारून तो वनात निघून गेला नाही. चौदा वर्षे नंदिग्रामी राहून, रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून, त्याने कारभार चालवला. मालकी नको, काम पाहिजे. आपण आषाढीला पादुका पालखीत घालून चालतो, तेव्हा पादुकांचा हा अर्थही मनात असावा: मालक दुसरा आहे, आपण चाकरी करतो.

कर्जाचेही तसेच. मिळकतीपेक्षा अधिक कर्ज वारसाला द्यावे लागत नाही, हा कायदा चांगला आहे. सावकाराच्या पाशातून पिढ्यान् पिढ्या सुटल्या त्या अशा कायद्यांनी. पण बापाकडे शेतमजुराची दोन महिन्यांची मजुरी राहिली असेल, शेजारणीने हातउसने दिले असेल, त्याचा कागद नसतो. कायद्याने ते बुडते. तेथे 'बापाचं मी काही घेतलं नाही, मी का देऊ?' असे म्हणणे कायद्याला चालेल. पण ज्याच्या गळ्यात बापाने घातलेली माळ आहे, त्याने बापाचे काहीच घेतले नाही असे कसे म्हणावे?

चौथी गोष्ट आपल्या संप्रदायाला अगदी जवळची आहे, म्हणून जरा स्पष्ट बोलतो.

एखादा वृद्ध वारकरी असतो. मुलाशी त्याचे पटत नाही, सुनेने दोन शब्द उणे बोललेले असतात. तो दिंडीच्या प्रमुखाकडे येऊन म्हणतो, "महाराज, माझी सगळी जमीन धर्मशाळेला लिहून देतो. पोराला एक गुंठा ठेवत नाही. विठ्ठलाला वाहिली." प्रमुखाला वाटते, पांडुरंगाने दिले. धर्मशाळेला खोल्या हव्याच असतात. लगेच बक्षीसपत्र होते. पुढे म्हातारा जातो. मुलगा, सून, नातवंडे उघड्यावर येतात, बहिणी रडतात, आणि त्या धर्मशाळेत आपण तांब्या-पिशवी ठेवून सुखाने झोपतो.

सज्जनहो, येथे नको म्हणणे हे दिंडीचे कर्तव्य आहे. वर सांगितलेच, की घेणाऱ्याच्या संमतीवाचून बक्षीस पुरे होत नाही. म्हणजे कायद्याने त्या दानाची किल्ली आपल्या हाती दिली आहे. न्यासाच्या विश्वस्तांनी असे दान डोळे मिटून घेतलेच पाहिजे, असे कोठेही नाही. विश्वस्तांनी चार प्रश्न विचारावेत: बाबा, ही मिळकत तुमची एकट्याची का, की त्यात पोरांचाही जन्माचा हिस्सा आहे? घरच्यांना हे ठाऊक आहे का? तुमच्यामागे म्हाताऱ्या आईचे, बायकोचे पोट कशावर भरणार? आणि हे प्रेमाने देता, की रागाने? उत्तरे नीट आली नाहीत तर सांगावे, "बाबा, तुमची वारी आम्हांला पुरे. जमीन घरी राहू द्या. फारच मन असेल तर एकादशीला पसाभर धान्य द्या." असे सांगणाऱ्या दिंडीचे नुकसान होईल का? दोन खोल्या कमी होतील. पण रागाने आलेले दान देवाच्या दारात राग घेऊन येते. गाडगेबाबांनी धर्मशाळा उभ्या केल्या त्या लोकांच्या वर्गणीतून, आणि त्यांत स्वतःच्या नातलगांचा हक्क ठेवला नाही. घेणाऱ्याने स्वतःसाठी काही घ्यायचे नाही आणि दुसऱ्याच्या तोंडचेही घ्यायचे नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात.

आता शेवटची शंका. कोणी म्हणेल, "एवढा विचार करायचा तर साधा माणूस त्याग करणारच नाही. मनात आले, सोडले. यातच गोडी आहे." याला उत्तर असे, की मनात आले तेव्हा सोडावे ते आपल्या ताटातले. तेथे कोणी अडवीत नाही. पण मिळकत ही एकाच्या ताटातली वस्तू नव्हे. तीत मागच्यांचे कष्ट आहेत, बरोबरच्यांचा वाटा आहे आणि पुढच्यांची भाकरी आहे. शिवाय रागाने सोडलेले खरे सुटतच नाही. 'तुमचं मला काही नको' असे भावाला बजावून निघून गेलेला मनुष्य वीस वर्षांनीही त्याच बांधावर मनाने उभा असतो. सातबाऱ्यावरून नाव गेले, पण चित्तावरून जमीन गेली नाही. त्यापेक्षा ज्याने आपला वाटा शांतपणे घेतला, त्यातले गरजवंताला दिले आणि भावाशी गोड राहिला, त्याचा त्याग अधिक. कधी कधी घेणे हीच नम्रता असते. बापाने प्रेमाने ठेवलेली वस्तू अहंकाराने झिडकारणे हे वैराग्य नव्हे.

म्हणून हक्कसोडीवर सही करण्याआधी प्रत्येक माळकऱ्याने, आणि सही मागण्याआधी तर दहा वेळा, स्वतःला विचारावे. जे सोडले जात आहे ते किती आहे, हे सोडणाऱ्याला ठाऊक आहे का? ते त्याचे एकट्याचे आहे का? आज 'नाही' म्हटले तर त्याचे माहेर, त्याचे नाते, त्याची भाकरी शाबूत राहील का? या सोडण्यात एखादे कर्तव्यही गुपचूप सोडले जात आहे का? आणि सही झाल्यावर दोन्ही घरची माणसे एका पंगतीला जेवतील का? या प्रश्नांना होय-नाहीची नीट उत्तरे मिळाली तर खुशाल सही करावी. तो कागद त्यागाचा आहे. नाही मिळाली तर लेखणी खाली ठेवावी आणि बहिणीला म्हणावे, "ताई, तुझा वाटा तुझ्या नावावर राहू दे. पुढे तुला वाटेल ते कर." असे म्हणणाऱ्या भावाच्या घरी दिवाळीला बहीण यायची राहत नाही.

आईबापांकडून आपल्याला जमिनीशिवायही पुष्कळ आले आहे. माळ आली, वारी आली, पहाटेचा काकडा आला, दारी आलेल्याला भाकरी देण्याची सवय आली. याची वारसनोंद कोठे होत नाही. यात बहिणीला वाटा दिला तर भावाचा कमी होत नाही, आणि ते कोणाच्या नावे लिहून देऊन मोकळेही होता येत नाही. जमिनीचा वाटा धर्माने घ्यावा किंवा धर्माने सोडावा. हा दुसरा वारसा मात्र प्रत्येकाने पुरता घ्यावा आणि पुढच्यांच्या हाती पुरता द्यावा.

रामकृष्णहरि.